बातमी लेकराला कोण सांगणार?

[दृश्य: सकाळचं गाव. पारावर तिघं-चौघं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून उभे.]

गावात वाईट काही घडलं की तासाभरात त्याचा व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. उलटलेला ट्रॅक्टर, विहिरीवर जमलेली गर्दी, पुरात वाहत चाललेली जनावरं. मोठी माणसं बघतात, हळहळतात, पुढे पाठवतात. संध्याकाळी तोच मोबाइल गेम खेळायला लेकराच्या हातात जातो.

घरात मात्र ठरलेलं असतं, की त्याला एवढ्यात सांगायचं नाही, लहान आहे. लहान असलं तरी त्याला कळलेलं असतं. अर्धवट कळलेलं असतं, आणि याबद्दल घरात विचारायचं नाही, एवढंही कळलेलं असतं.

मराठवाड्याला ही वेळ नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची. किल्लारीच्या भूकंपात माळवदाखाली गाढ झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं गेली. त्यानंतर दुष्काळ आले, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आल्या, सप्टेंबर २०२५मध्ये भूम-परंड्याकडे पूर आला. घर पडलं की पंचनामा होतो. लेकराच्या मनात काय पडलं, ते बघायला घरच्यांनाच बसावं लागतं.

[दृश्य: ओसरी. आजी आणि सहा-सात वर्षांची नात समोरासमोर बसलेल्या. टीव्ही बंद.]

आधी सांगणारा माणूस ठरवा. रात्री लेकरू ज्याच्या कुशीत झोपतं, तो माणूस सगळ्यात बरा. भेटायला येणारे दारात यायच्या आत आणि लेकरू शाळेला जायच्या आत सांगून व्हायला हवं. जवळ बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. पहिला प्रश्न तुम्ही विचारा: "तुला काय काय कळलंय?" पुष्कळदा त्याने ऐकलेलं खऱ्याहून भयंकर असतं. ते आधी दुरुस्त करावं लागतं.

मग तीन-चार वाक्यांत सांगा. "पप्पा वारले. त्यांचं शरीर थांबलं. आता त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही, श्वास चालत नाही. ते परत येणार नाहीत." एवढं बोलून थांबा.

ऐकायला हे कठोर वाटतं. पण पाच-सहा वर्षांच्या आतल्या लेकराला मरण कायमचं असतं, हे अजून उमगलेलं नसतं. "देवाघरी गेले" म्हटलं, की ते देवाघरून येणाऱ्या गाडीची वाट बघतं. "झोपले" म्हटलं, तर रात्री स्वतः झोपायला घाबरतं. "गावाला गेले" हे सगळ्यात वाईट, कारण मग पप्पा मला न सांगता गेले, हा राग धरून बसतं. देवावर श्रद्धा असेल तर देवाचं जरूर बोला, पण "वारले, परत येणार नाहीत" हे आधी. आठ दिवसांनी "पप्पा पोळ्याला येतील ना?" असं विचारलं, तर तो हट्ट नसतो. तेच उत्तर, त्याच शब्दांत, पुन्हा द्यायचं. शब्द बदलले की त्याला वाटतं, काहीतरी लपवताहेत.

तीन प्रश्न लेकरू बहुधा विचारत नाही. माझ्यामुळे झालं का? आता आईलाही असंच होईल का? माझं कोण करणार? तिन्हींची उत्तरं न विचारता द्यावीत. तिसऱ्याचं उत्तर तर अगदी बारीक द्यावं: डबा आजी करील, शाळेत काका सोडतील, रात्री तू आईजवळ झोपशील. "सगळं ठीक होईल" हे मोघम वाक्य लेकराच्या काही कामाचं नसतं.

[दृश्य: बैठकीत सतरंजी. बाया-माणसं बसलेली. कोपऱ्यात दप्तर.]

आत्महत्या झालेल्या घरात गाठ आणखी अवघड असते. तलाठी येतो, पोलीस येतात, मदतीला प्रकरण पात्र का अपात्र याची चर्चा ओसरीवर होते. कर्जाचे आकडे निघतात. त्या आकड्यांत एक आकडा शाळेच्या फीचा असतो, नाहीतर मोठ्या लेकीच्या लग्नाचा. आतल्या खोलीत ती लेक ते ऐकत असते आणि हिशोब स्वतःच्या नावावर मांडते. म्हणून ही बोलणी लेकरांच्या कानाआड करा. आणि त्यांना स्पष्ट सांगा: "पप्पांचं मन फार आजारी झालं होतं. त्यांना दुसरी वाट दिसेना. तुझ्यामुळे काही झालेलं नाही, तुझ्या फीमुळेही नाही." कसं केलं याचं वर्णन नको. विचारलंच तर एका वाक्यात खरं सांगा, तपशील नको. कारण म्हणून एकट्या कर्जाकडे बोट दाखवू नका. उद्या आईने उसनवारी केली तरी लेकरू धास्तावतं.

घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी कुलपात जायला हवं. पलंगाखाली, पोत्याआड, छताच्या वाशाला टांगलेलं, सगळं. हा सल्ला सांत्वनाएवढाच महत्त्वाचा, घरात चौदा-पंधरा वर्षांचं पोर असेल तर जास्तच. "मरणाचा विचार येतो का?" असं त्या पोराला थेट विचारलं तर विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने त्याला बोलायला जागा मिळते.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. माणसं मायेने येतात, पण दहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "आता तूच घरचा कर्ता." या एका वाक्याने पोराचं रडणं बंद होतं, आणि सगळे म्हणतात, बघा किती समजूतदार. पुढे तेच पोर रात्री उठून आईचा श्वास चालू आहे का बघतं. घरातल्या एका जाणत्याने दारातच सांगावं: पोराला असं म्हणू नका, आणि कसं झालं तेही त्याच्यासमोर विचारू नका.

स्मशानात न्यायचं का? लेकराला विचारा. आधी सांगा तिथे काय दिसेल: तिरडी, लाकडं, जाळ, मोठ्यांचं मोठ्याने रडणं. नको म्हणालं तर ओढू नका. हो म्हणालं तर त्याच्यासोबत एक माणूस फक्त त्याच्यासाठी द्या, मधूनच घरी घेऊन येऊ शकेल असा. अग्नी त्याच्या हातून द्यायचा असेल, केस काढायचे असतील, तर तेही आधी समजावून. वार्ताहर कॅमेरा घेऊन आला, तर लेकराची बाइट द्यायला तुम्ही बांधील नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने बंदी आहे.

[दृश्य: टीव्हीच्या पडद्यावर पुराचं पाणी. तेच दृश्य पुन्हा.]

संकट आपल्या घरातलं नसलं तरी पडद्यावरून घरात येतं. १९९५मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर तिथल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात दिसलं, की त्या बातम्या ज्यांनी टीव्हीवर जास्त पाहिल्या, त्यांना त्रासही जास्त झाला. लहान लेकराला पुनःप्रक्षेपण कळत नाही. वाहून जाणारी म्हैस दहादा दाखवली, तर त्याच्या लेखी दहा म्हशी वाहून जातात. बातम्या बघायच्याच तर लेकरू झोपल्यावर. मोबाइलमध्ये ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.

बीडकडची ऊसतोडीची लेकरं याहून वेगळ्या पेचात असतात. आई-बाप दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात, लेकरू आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. ऊसतोड मजुरांच्या गाडीला कुठे अपघात झाल्याची बातमी आली, की ते गप्प होतं. "तुझ्या माय-बापाला काही होत नाही" म्हणण्यापेक्षा फोन लावून द्या. हंगामभर फोनची वेळ एकच ठेवा, आणि रेंज नसेल त्या दिवशी उशीर होईल, हे लेकराला आधीच सांगून ठेवा.

पहिल्या महिन्यात बऱ्याच गोष्टी घडतात त्या आजार नव्हेत. सहा वर्षांचं लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करतं, पदर सोडत नाही. दहा वर्षांच्या मुलीचं शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं. पोरं पुराचा, तिरडीचा खेळ मांडतात. मोठ्यांना तो अपशकुन वाटतो, पण खेळू द्यावं. त्या खेळात कधीच सुटका होत नसेल आणि खेळून लेकरू जास्तच बेचैन होत असेल, तर मध्ये पडून एखादी होडी, एखादा डॉक्टर आणावा. रात्री पाऊस लागला की दचकणाऱ्याच्या उशाशी टॉर्च द्या. पोटावर हात ठेवून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा करा. मात्र हे दिवसा, मजेत शिकवायचं. ऐन भीतीत नवं काही शिकता येत नाही. हिंगोली-नांदेडकडे भूकंपाचे धक्के जाणवतात, तिथे "पुन्हा येणार नाही" असं वचन देऊ नका. डोकं कसं झाकायचं, मोकळ्या जागेत कुठे जमायचं, हे घरातल्या सगळ्यांनी करून बघा.

शिक्षकांनी वर्गात उभं करून सांत्वन करू नये. घडलेलं सगळ्यांसमोर बोलून टाकायचा आग्रहही नको, त्याने फायदा होत नाही. रडू आलं तर न विचारता बाहेर जाता येईल, एवढी सोय ठेवा. आणि पूर ओसरलेल्या गावात त्या वर्षी "पूरग्रस्ताचे मनोगत" हा निबंध घालू नका.

महिना उलटूनही झोप नाही, जेवण नाही, शाळा नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं, किंवा "मलाही जायचंय" असं बोलणं येतं, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. मरणाचं बोलणं आलं तर महिनाही थांबू नका, त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, मोफत आहे. लेकरू निराधार असेल तर १०९८ ही बाल हेल्पलाइन.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात, किंवा पुढच्या पावसाळ्यात नदी भरली की, मिटलेलं पुन्हा उघडतं. पोटदुखी परत येते, अंथरूण ओलं होतं. ती तारीख आणि तो महिना वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा.