चौफुलीवरचे होल

(तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर आणि मशिनिस्ट ट्रेडच्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. थोडी काटछाट केली आहे.)

मघाशी सरांनी ओळख करून देताना सांगितलं, की मी चाकणला ‘सॉफ्टवेअरमध्ये’ आहे. गावातही तसंच समजतात. खरं म्हणजे मी तुमच्यासारखाच आयटीआयचा फिटर. आधी हातात कानस होती, आता जॉयस्टिक आहे, एवढंच. कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन चालवतो. कारखान्यात सगळे सीएमएमच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

ग्रॅनाइटचा जाड टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारा पूल, पुलातून खाली येणारा खांब आणि खांबाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान अशी माणकाची गोळी. गोळी जॉबला, म्हणजे मोजायच्या भागाला, टेकली, की त्याच क्षणी मशीन तिन्ही अक्षांचे आकडे टिपून घेतं. असा टेकताक्षणी कळवणारा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवला. काँकॉर्ड विमानाच्या इंजिनाचे बारीक पाइप मोजायचे होते आणि आधीच्या ताठ प्रोबने ते दबत होते. त्या प्रोबची गोष्ट मोठी आहे, पण आज मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे: एकसारखे होल पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा प्रोग्रॅम कसा लिहायचा.

तुमच्यापैकी चौफुलीवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, टोबलेली कोणी पाहिली आहे? बघा, निम्मे हात वर आहेत. माझे बाबा वावरात आधी उभ्या काकरी पाडायचे, मग आडव्या. जिथे काकर काकरीला छेदते तिथे सरकी. पुढे तण काढायचा डवरा उभाही चालतो आणि आडवाही. आता कल्पना करा, ही चौफुली तुम्हाला फोनवर एखाद्या परक्या माणसाला समजावून सांगायची आहे. तुम्ही हजार झाडांची जागा सांगत बसाल का? पहिलं झाड कुठे, तासातासात, म्हणजे ओळीओळीत, अंतर किती, झाडाझाडात किती, तास किती आणि एका तासात झाडं किती, एवढं सांगितलं की झालं. सीएमएमच्या भाषेत पॅटर्न म्हणजे हेच. एक होल नीट शिकवायचा: किती खोलीवर टेकायचं, किती ठिकाणी टेकायचं, बाहेर कसं यायचं. मग सांगायचं, एक्समध्ये इतकं, वायमध्ये इतकं, इतक्या वेळा.

गोल मांडणीत अंतराच्या जागी कोन येतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला आठ बोल्ट असतील, तर ३६० भागिले ८, म्हणजे ४५ अंश. इथे नवा माणूस हमखास घसरतो. सॉफ्टवेअर विचारतं, ‘किती वेळा?’ तो ८ टाकतो. पण मूळ होल तर आधीच आहे! त्यामुळे नववा होल पहिल्यावरच येऊन बसतो आणि मशीन तो बिनतक्रार दोनदा मोजतं. तार-कुंपणाला दहा गाळे असले की खांब अकरा लागतात, तसा हा हिशोब. फक्त कुंपण गोल असलं की खांबही दहाच. आधी सॉफ्टवेअर मूळ धरून मोजतं की सोडून, ते तपासा.

आठचं सोपं आहे. सात होल आले तर? ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८५७१ आणि पुढे चालूच. आमच्याकडे एका पोराने ५१.४३ टाकलं. फरक एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही. पण पॅटर्नमध्ये पुढचा होल मागच्यावरून निघतो. सहा उड्या मारून सातव्या होलवर पोचेपर्यंत ती चूक सहापट झाली. १०० मिलिमीटर त्रिज्येवर ती होते सुमारे १५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १५ हजारांश. पोझिशनचा टॉलरन्स, म्हणजे होलची जागा किती चुकली तर चालेल ती मर्यादा, व्यासात देतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये ती दुप्पट दिसते, ३० मायक्रॉन. टॉलरन्स ०.१ मिलिमीटरचा असेल, तर जवळपास तिसरा हिस्सा आपल्याच टायपिंगने खाल्ला आणि दोष ड्रिलिंगवाल्याच्या माथी. काकर मागच्या काकरीवरून पाडत गेलं, की दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, ती तिरपी होते, हे बाबांना शाळेत न जाता माहीत होतं. ते दर दहा ओळींनी मूळ खुंटीवरून दोरी लावून बघायचे. तुम्ही आकडा टाकू नका, ‘३६०/७’ असंच लिहा. भागाकार मशीनला करू द्या.

आता कॉपी करायची की लूप, म्हणजे तीच सूचना फेरी फेरीने चालवणं, लावायचा? कॉपीत आठही होल वेगवेगळ्या नावांनी प्रोग्रॅममध्ये उतरतात. पाचव्याशेजारी जॉब दाबून धरणारा क्लॅम्प आहे, तेवढ्याचाच रस्ता बदलता येतो. पण उद्या खोली बदलायची झाली तर आठ ठिकाणी बोट लावावं लागतं. लूपमध्ये लिहिणं एकदाच. मात्र दर फेरीला नाव तेच राहतं. त्यामुळे रिपोर्टची ओळ लूपच्या बाहेर राहिली, की हाती फक्त शेवटचा होल लागतो. माझं मत विचाराल तर आठ-दहा होलांपर्यंत कॉपी, चाळणीसारखी प्लेट असेल तर लूप. काही लोक लूपला हुशारीचं लक्षण समजतात. मीही समजायचो.

त्याचीच गोष्ट सांगतो. चौकोनी प्लेट, मधोमध सहा होलांचं वर्तुळ. मी ऐटीत लूप लिहिला: एक होल मोज, अलाइनमेंट, म्हणजे मोजायचे अक्ष, ६० अंशांनी फिरव, पुन्हा तोच होल मोज. म्हणजे झाड न हलवता वावरच फिरवायचं. युक्ती चांगली आहे, आजही वापरतो. पण माझा ओरिजिन, म्हणजे शून्य बिंदू, होता प्लेटच्या कोपऱ्यात. अलाइनमेंट ओरिजिनभोवती फिरते, वर्तुळाच्या केंद्राभोवती नाही. पहिला होल झकास. दुसऱ्यासाठी प्रोब निघाला तो प्लेट सोडून सरळ क्लॅम्पकडे. ‘कट्’ असा बारीक आवाज झाला आणि माणकाची गोळी कुठे उडाली ते शेवटपर्यंत सापडलं नाही. सिनियर काही बोलले नाहीत. नव्या स्टायलसची, म्हणजे गोळी बसवलेल्या काडीची, डबी आणि कॅलिब्रेशनचा गोळा माझ्यासमोर ठेवला. प्रोबचे सगळे कोन पुन्हा कॅलिब्रेट करता करता शिफ्ट संपली. तेव्हापासून आधी ओरिजिन वर्तुळाच्या केंद्रावर नेतो आणि लूप संपल्यावर मूळ अलाइनमेंट परत बोलावतो. हे दुसरं विसरलं, तर पुढची सगळी मापं फिरलेल्या वावरात होतात. आणि पहिली फेरी मुंगीच्या चालीने, हात स्टॉपच्या बटणावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोन कुठून मोजायचा? अनेकजण पहिल्याच होलवर अलाइनमेंट लावतात. मग होतं काय, पहिल्या होलचा कोन कायम शून्य दाखवतो. तो स्वतःच सरकलेला असेल, तरी तो निर्दोष आणि बाकीचे सात गुन्हेगार! ड्रॉइंगमध्ये डेटम, म्हणजे माप जिथून धरायचं ती खूण, म्हणून चावीचा गाळा (चावी बसते ती खाच) दिला असेल, तर कोन त्या गाळ्यावरूनच धरायचा.

हे नीट धरलं, की रिपोर्ट एकेक ओळ न वाचता सगळे होल एकत्र वाचता येतात. आठही एकाच दिशेला सरकलेत? केंद्र चुकलं. आठही सारखेच फिरलेत? जॉब फिक्स्चरमध्ये फिरवून बसवला होता. एकटाच वेगळा? आधी त्यात धातूची चिप अडकलीय का बघा. आणि ओरिजिनपासून दूर जाल तसे बाहेर बाहेर पांगत असतील तर? जॉब गरम आहे. मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. अर्ध्या मीटरची ॲल्युमिनियमची प्लेट ४० अंशांवर असली, तर जवळपास पाव मिलिमीटर लांबलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४० म्हणजे सकाळ. जॉब एसी खोलीत आणला की लगेच मोजायचा नाही, निवू द्यायचा.

रस्त्याबद्दल फार सांगत नाही. बैल धुऱ्यावर वळून शेजारच्या तासातून परत येतो, पहिल्या टोकाला रिकामा चालत जात नाही. ग्रिड मोजताना प्रोबही तसाच वळवा, वेळ वाचतो.

चहा आलेला दिसतोय. वर्कशॉपमागे जुना ट्रॅक्टर उभा आहे. त्याच्या मागच्या चाकाच्या आठ बोल्टांचा पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, काढायचा आहे. मधे हब आडवा येतो, त्यामुळे समोरासमोरच्या होलांना वर्निअर लागत नाही, शेजारच्या दोन होलांनाच लागतो. कोन ४५ चा आहे. वर्निअर कोणाकडे आहे?