दवाखान्याची पारख

नमस्कार श्रोतेहो.

जवळचा दवाखाना चांगला की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? बाहेर गर्दी किती आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे का, यावरून. गर्दीचं सोडून देऊ. नंबर लावायची पद्धत ढिसाळ असली तरी गर्दी होतेच. गुणाचं मात्र जरा बघू. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत बहुतेकांची आपोआप बरी होते. चौथ्या दिवशी गोळी घेतली की श्रेय गोळीला! त्यातून ती अँटिबायोटिक असेल, तर विषाणूंवर तिचा उपयोगच नसतो. तरीही आपण चार जणांना तिचं कौतुक सांगतो. आणि ज्या डॉक्टरांनी नीट तपासून ‘औषधाची गरज नाही, विश्रांती घ्या; पण धाप लागली किंवा ताप हटला नाही तर लगेच या’ असं सांगितलं, त्यांच्याबद्दल म्हणतो, ‘काही दिलंच नाही हो!’ मला विचाराल तर हेच डॉक्टर वरचढ.

अवेडिस डोनाबेडियन या डॉक्टर-संशोधकांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी तपासायला सांगितला : साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि परिणाम काय झाला. साधनं डोळ्यांत भरतात. परिणाम वयावर आणि मूळ आजारावरही अवलंबून असतो. पेशंटला खुर्चीत बसल्या बसल्या पाहता येतं ते मधलं, म्हणजे काम कसं होतं ते.

ब्लडप्रेशर मोजण्याचंच घ्या. तुम्ही जिना चढून आलात, टेकलात न टेकलात तोच शर्टाच्या बाहीवरून पट्टा आवळला, हात तसाच लोंबकळतोय आणि वर ‘काय, कसं चाललंय?’ म्हणून गप्पाही सुरू. अशाने आकडा उगाच वाढू शकतो. खरी रीत अशी, की आधी पाच मिनिटं शांत बसू द्यायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नाहीत. हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर. बोलायचं नाही. आणि एकदा नव्हे, थोड्या अंतराने निदान दोनदा मोजायचं. पट्टाही दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर प्रेशर आहे त्याहून जास्त दिसतं. याच आकड्यावरून कदाचित वर्षानुवर्षांची गोळी सुरू होणार असते, म्हणून एवढा काटेकोरपणा. जिथे हे शांतपणे होतं, तिथे बाकीचं कामही सहसा घाईत उरकलं जात नसावं, असा माझा अंदाज.

मग येतं ऐकून घेणं. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर-पेशंट भेटींचा एक अभ्यास झाला. पेशंटने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी अठरा सेकंदांत मध्ये बोलत होते. अठरा सेकंदांत माणूस खोकल्यापर्यंत पोचतो. वजन कमी होतंय, हे सांगायचं राहूनच जातं. तेव्हा ‘आणखी काही त्रास?’ असं विचारणारा डॉक्टर मिळाला तर सहसा सोडू नका. न सोडण्याला आणखीही आधार आहे. २०१८ साली वेगवेगळ्या देशांतले बावीस अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांपैकी अठरा अभ्यासांत, नेहमीच्याच डॉक्टरांकडे जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. नुसतं डॉक्टर न बदलल्यामुळेच ते घडलं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण दर वेळी नव्या डॉक्टरपुढे पहिल्यापासून सगळी कहाणी सांगण्यात काय काय निसटतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

तपासण्याआधी हात स्वच्छ करणं, इंजेक्शनची नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढणं, यावर मी वेळ घालवत नाही. ते होत नसेल तर तिथल्या तिथे विचारा.

आणि एक जागा अशी आहे, जिथे चांगले दवाखानेही घसरतात : तपासणीचे रिपोर्ट. ‘काही असेल तर कळवू’ असं म्हणतात आणि आपण निश्चिंत होतो. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालतो. प्रत्यक्षात कधी कधी रिपोर्ट आलेलाच नसतो, किंवा कोणी न पाहताच फाइलला लागलेला असतो. म्हणून रक्त दिल्यावर निघण्याआधी काउंटरवर विचारा : रिपोर्ट कधी येणार, तो कोण पाहणार आणि त्या दिवशी काही कळलं नाही तर मी फोन कोणाला करू? उत्तर देताना समोरचा माणूस गोंधळला, तर रिपोर्टची तारीख स्वतःच लिहून ठेवा आणि त्या दिवशी स्वतःच फोन करा.

नमस्कार.