परळचे खानोलकर डॉक्टर

सकाळी आठला परळला केईएमच्या गेटपाशी उभं राहा, केसपेपरची लाईन लागलेली असते, आणि जरा पुढे गेलं की टाटा कॅन्सर हॉस्पिटल, तिथे गावाकडून आलेली माणसं फुटपाथवरच पथारी टाकून. याच परळमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांची उमेदीची वर्षं गेली, आणि आज किती जणांना नाव माहितीये? मनाला लागतं हो.

जन्म १८९५ चा. लंडनहून पॅथॉलॉजीत एमडी करून आले, ग्रँट मेडिकल आणि जीएस मेडिकल कॉलेजला शिकवलं, १९४१ ला टाटा सुरू झालं तेव्हा तिथल्या लॅबचं काम हातात घेतलं. नाव झालं ते कॅन्सरमुळे, धोतर कमरेला जिथे आवळतं तिथेच होणारा कॅन्सर त्यांनी जगासमोर मांडला. पण आज बोलायचंय ते महारोगाबद्दल.

तेव्हा महारोग झाला की माणूस घरातून बाहेर. कोणी म्हणायचं मागच्या जन्माचं पाप, कोणी म्हणायचं त्या घराच्या रक्तातच आहे. खानोलकर मात्र अगदी सुरुवातीचा चट्टा बघत बसले, फिकट, वरून कापूस फिरवला तरी कळत नाही असा. त्यातला चिमुकला तुकडा काढायचा, मेणात बसवून पापुद्र्यासारखा कापायचा, रंग द्यायचा, की निळ्यात लाल काड्या दिसतात, तेच जंतू. आणि ते कुठे दिसले, तर बारीक बारीक नसांमध्ये! चुलीवरचं भांडं उचलताना चटका का कळत नाही, त्याचं उत्तर त्या स्लाइडवर होतं.

रक्ताचाही अभ्यास केला, पण पाप-पुण्याचा नाही. १९४९ ला एल. डी. संघवींबरोबर मुंबईतले सहा समाज घेतले, आपापल्यातच बेटीव्यवहार करणारे, आणि रक्तगटासकट सात आनुवंशिक गोष्टी तपासल्या. शहर एक, पण लग्नं पिढ्यान्पिढ्या आपल्यातच, त्यामुळे प्रमाण समाजागणिक वेगळं निघालं. आपल्याकडे मानवी आनुवंशिकतेचा विचारही फारसा कोणी करत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

महारोगाचा जंतू लॅबमध्ये काचेच्या भांड्यात वाढत नाही, ही सगळ्यांचीच अडचण. १९५८ ला बापट, कमल रणदिवे आणि खानोलकरांनी रुग्णाच्या गाठीतून काढलेला एक जंतू वाढवून दाखवला. तो महारोगाचाच का, यावर पुढे बराच वाद झाला, पण त्याच जंतूपासून नंतर मुंबईत लस बनली आणि महाराष्ट्रात तिच्या चाचण्या झाल्या.