डोळा गेला तरी माशी जगते

आंब्यात अळ्या करते ती फळमाशी वेगळी. मी बोलणार आहे ते पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या तांबड्या डोळ्यांच्या चिलटाबद्दल, म्हणजे ड्रोसोफिलाबद्दल. मेंदूच्या आनुवंशिक आजारांच्या अभ्यासासाठी हा एवढासा जीव कशाला, असं तुम्हाला वाटत असेल. माणसात आजाराला कारण होणाऱ्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं माशीत सापडतात, हे उत्तर नेहमी मिळतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तिचा डोळा. त्यात सातशे-आठशे बारीक डोळे पोळ्यातल्या घरांसारखे रांगेत बसलेले असतात. पेशी मरायला लागल्या की रांगा विस्कटतात आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतं. शिवाय डोळा पूर्ण गेला तरी बाटलीतली माशी खाते, अंडी घालते, तिची पुढची पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते.

1998 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॅन्सी बोनिनी यांच्या गटाने याचाच फायदा घेतला. मशाडो-जोसेफ या आजारात माणसाचा तोल जातो, चाल बिघडते. दोष असा, की एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा येतात आणि प्रथिनाला ग्लुटामिन या अमिनो आम्लाची लांबलचक शेपटी लागते. त्या प्रथिनाचा तुकडा त्यांनी फक्त माशीच्या डोळ्यात तयार होऊ दिला. 27 ग्लुटामिन असताना डोळा ठणठणीत. 78 केले, तर रंग उडाला, डोळा खचला.

पुढच्या वर्षीचा प्रयोग मला जास्त आवडतो. प्रथिनांच्या घड्या नीट बसवणारं माणसाचं एचएसपी-70 हे प्रथिन त्याच डोळ्यात वाढवलं आणि डोळा बराचसा वाचला. गंमत म्हणजे पेशीकेंद्रात साचलेले त्या बिघडलेल्या प्रथिनाचे गठ्ठे होते तसेच राहिले! गठ्ठे म्हणजेच गुन्हेगार, असं धरून चालणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

पार्किन्सनमध्ये माशीने वेगळंच काम केलं. तरुण वयात होणाऱ्या आनुवंशिक पार्किन्सनमागे पार्किन आणि पिंक-1 ही दोन जनुकं माहीत होती, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय, ते कळत नव्हतं. 2006 साली अमेरिकेतल्या आणि दक्षिण कोरियातल्या गटांनी पिंक-1 नसलेल्या माश्या तयार केल्या. उडण्याचे स्नायू झिजले, नर वांझ निघाले, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडले. पार्किन नसलेल्या माशीची लक्षणंही हीच. मग जादा पार्किन दिलं, तर पिंक-1 नसलेली माशी सावरली. उलट करून पाहिलं, तर काहीच फरक नाही. म्हणजे पिंक-1 आधी, पार्किन नंतर. रुग्णाच्या मेंदूत हा क्रम कुणी कसा लावला असता? पुढे माणसाच्या पेशींत दिसलं, की बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर पिंक-1 साचतं आणि ते पार्किनला तिथे बोलावून घेतं.

अर्थात माशी म्हणजे रुग्ण नव्हे. पार्किन्सनमध्ये ज्याचे गठ्ठे होतात ते अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन माशीत मुळातच नसतं, माणसाचं घालावं लागतं. तिची हालचाल तपासायची तर नळी टेबलावर आपटायची आणि किती माश्या पुन्हा वर चढतात ते मोजायचं. तेव्हा 'माश्या बऱ्या झाल्या' अशी बातमी वाचून डॉक्टरांना लगेच फोन करू नका.

हे सगळं परदेशातच चालतं असंही नाही. एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचा एक आनुवंशिक प्रकार 2004 साली ब्राझीलच्या कुटुंबांमध्ये सापडला. त्यामागचं व्हीएपीबी जनुक पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत माश्यांवर अभ्यासलं गेलं आहे.