विकलेला माल परत कसा जातो

(दृश्य : काउंटरमागच्या पाट्या, एकामागोमाग एक. आवाज फक्त रस्त्याचा.)

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कुठे रंगाने लिहिलेलं, कुठे फ्लेक्सवर छापलेलं, कुठे बिलाच्या तळाशी रबरी शिक्क्याने उमटवलेलं. साड्यांच्या दुकानात त्याच्या जोडीला ‘रंगाची गॅरंटी नाही’.

पाटी दुकानदाराची इच्छा सांगते. माल सदोष निघाला तर कायदा नेमका उलटं सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि घेतलेला मोबदला परत करायला नकार देणं, ही त्या यादीतली एक प्रथा. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिलीच नसेल तर ३० दिवसांत माल घेऊन पैसे परत करायचे, असं तिथे लिहिलं आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली प्रथा आहे, हे जाता जाता.

मात्र पाटी पूर्ण खोटीही नाही. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, दुसरीकडे स्वस्त मिळाला, घरच्यांनी नाक मुरडलं, यात मालाचा दोष काही नाही. तिथे दुकानदाराने बदलून दिलं तर तो त्याचा चांगुलपणा किंवा धंद्याची रीत. हक्क म्हणून मागता येत नाही. बरेच ग्राहक इथेच चुकतात आणि मग ‘कायदा काही कामाचा नाही’ म्हणत घरी येतात.

दोष म्हणजे काय, हेही कायद्यात दिलेलं आहे : दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांतली उणीव. ही उणीव कायद्याने ठरवलेल्या मानकापेक्षा असू शकते, करारात ठरलेल्यापेक्षा असू शकते, आणि विक्रेत्याने जो दावा केला त्यापेक्षाही असू शकते. हा शेवटचा भाग फार उपयोगाचा.

(दृश्य : बिल फाडणारा हात. बिलावर वस्तूच्या नावापुढे पेनाने दोन शब्द लिहिले जातात.)

म्हणूनच हे पाहा. ‘साडी, १ नग’ एवढंच बिल असेल तर पुढे वाद घालायला काही हाती राहत नाही. ‘शुद्ध रेशीम’ असं तोंडी सांगितलं असेल तर तेच दोन शब्द बिलावर लिहून मागायचे. सांगणारा प्रामाणिक असेल तर लिहून देताना अडखळत नाही. अडखळला, तर पैसे द्यायच्या आधीच आपल्याला उत्तर मिळालेलं असतं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

हा हक्क आपोआप आलेला नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हा फसलेल्या ग्राहकाला दिवाणी कोर्टाशिवाय फारसा रस्ता नव्हता. एका फाटक्या चपलेसाठी कोर्ट फी, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा कोण सोसणार? २४ डिसेंबर १९८६ रोजी पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. राष्ट्रीय ग्राहक दिन त्याच तारखेला असतो. त्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आणले. पण विक्रेता जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथेच तक्रार करावी लागे. २० जुलै २०२० पासून नवा कायदा लागू झाला, मंचाचा आयोग झाला, आणि ग्राहक स्वतः जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथेही तक्रार दाखल करता येऊ लागली. परतीची ३० दिवसांची तरतूदही या नव्या कायद्यातलीच. पाट्या मात्र जुन्याच राहिल्या.

(दृश्य : मिक्सर, वर्तमानपत्र, पाण्याचा तांब्या. वरून जवळचं दृश्य.)

आता प्रत्यक्ष वस्तू घेऊ. नवा मिक्सर, तक्रार दोन : जार गळतो आणि यंत्र मध्येच बंद पडतं.

आधी गळती. जार निम्मा पाण्याने भरा, कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा, दहा मिनिटं थांबा. पात्याच्या दांड्याभोवतीच्या बुशपाशी सील नीट बसलं नसेल तर कागदावर असा ओला गोल उमटतो. झाकणाकडून सांडलेल्या पाण्याचा डाग असा मधोमध येत नाही. म्हणूनच ही चाचणी यंत्र न लावता, नुसता जार ठेवून करायची.

मग यंत्र. तळाशी लाल बटण आहे ते ओव्हरलोडचं. भार जास्त झाला की मोटर वाचवण्यासाठी ते प्रवाह तोडतं. दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं : ‘तुम्ही जास्त भरलं असेल.’ यावर वाद घालू नका. जारमध्ये पाणी घाला, पुस्तिकेत जितकी मिनिटं सलग चालवायला सांगितलं आहे तितकीच चालवा. नुसत्या पाण्यावरही बटण पडत असेल तर जास्त भरल्याचा बचाव उरत नाही. पहिल्या काही वेळा येणारा वॉर्निशचा वास मात्र दोष धरू नका. नव्या मोटरला तो येतोच, आणि पुस्तिकेत बहुधा तसं छापलेलंही असतं.

हे सगळं मोबाइलवर एका सलग व्हिडिओत घ्यायचं. आधी बिल, मग यंत्राच्या तळाची अनुक्रमांकाची पट्टी, मग चाचणी. मध्ये तोडलं की ‘हे यंत्र आमचं कशावरून?’ हा प्रश्न आलाच. मूळ फाइल फोनमध्ये जपा. व्हॉट्सअॅपवरून फिरलेला व्हिडिओ आकसतो आणि त्यातली तारीखवेळेची नोंद टिकत नाही.

आणि घरी स्क्रू खोलायचा नाही. चपलेचा तळ सुटला तर फेविक्विक लावायचं नाही. साडीचा रंग जातोय वाटलं तर सगळी साडी बादलीत बुडवायची नाही. पांढरा रुमाल ओला करायचा, पदराच्या कोपऱ्यावर घासायचा, रुमाल आणि कोपरा यांचा एकत्र फोटो काढायचा. दुरुस्ती किंवा धुलाई आपण केली की दोष आधीचा की नंतरचा, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

(दृश्य : दोन बिलं शेजारी. एक ताजं, एक पिवळट कोरं. तिसरं लॅमिनेट केलेलं, काळं पडलेलं.)

ही तिन्ही बिलं एकाच प्रकारच्या कागदावरची. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने काळं होणारं रसायन असतं. पाकिटात, उन्हात, प्लास्टिकच्या पिशवीत अक्षरं उडतात. जपून ठेवायचं म्हणून लॅमिनेशनला दिलं, तर तिथल्या गरम रुळांखालून कागद असा पूर्ण काळा होऊन बाहेर येतो. खरेदीच्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि फोटो घ्या. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे ना, हेही त्याच वेळी बघा. बिल दुसऱ्याच्या नावावर आहे, भेट म्हणून मिळालंय, म्हणून घाबरायचं कारण नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारासुद्धा कायद्याने ग्राहकच.

(दृश्य : दुकानातलं संभाषण. निवेदन नाही. आवाज तसाच ऐकू द्यावा.)

पैसे न देता काउंटरवरच्या मुलीने हातात दिली ती चिठ्ठी म्हणजे ‘क्रेडिट नोट’. तेवढ्या रकमेचा दुसरा माल याच दुकानातून घ्या, बहुधा अमुक दिवसांच्या आत. गल्ल्यातला पैसा गल्ल्यातच राहतो. कायदा मोबदला परत करायला सांगतो, चिठ्ठी द्यायला नाही. दुसरी वस्तू खरोखर हवी असेल तरच ती घ्या. नको असेल तर सही करू नका, कारण सही झाली की तडजोड झाली असं पुढे म्हणता येतं.

‘जीएसटी भरून झाला, आता पैसे कसे देऊ?’ ही सबबही ऐकू आली. ती टिकणारी नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे माल परत आला की विक्रेता करासाठीची क्रेडिट नोट काढतो (ती वरच्या चिठ्ठीहून वेगळी) आणि आपला भरलेला कर कमी करून घेतो. त्यासाठी पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी असेल तोवर, मुदत असते.

तिसरं उत्तर : ‘कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.’ जायला हरकत नाही, पण दर वेळी जॉबशीट, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम नोंदवलेला कागद, घ्या. कारागीर टॅबवर किंवा कागदावर सही मागतो, त्याच्या वरची ओळ वाचा. ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं असतं. यंत्र पुन्हा बंद पडलं तर तीच सही आडवी येते. समाधान झालं नसेल तर तिथेच ‘दोष कायम’ लिहून सही करा. एकाच दोषाच्या तीन-चार जॉबशीट हा उत्पादनातला दोष दाखवणारा चांगला पुरावा ठरतो.

(दृश्य : पोस्टाची खिडकी. पाकिटावर बारकोड चिकटतो.)

आता लेखी मागणी. एक पान पुरे. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, दोष काय, कोणत्या तारखेला दुकानात दाखवला, काय उत्तर मिळालं, किती रक्कम हवी, किती दिवसांत हवी. पंधरा दिवस दिले की रीतसर होतं. ‘तुमच्यावर कडक कारवाई होईल’ वगैरे भाषेची गरज नाही. पत्र दुकानदाराला आणि वेष्टणावर पत्ता असलेल्या उत्पादकाला, दोघांनाही. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा. पावती ठेवा आणि पाकीट पोचल्याची नोंद पोस्टाच्या साइटवरून छापून घ्या. हे पान महत्त्वाचं आहे, वकिलाच्या लेटरहेडपेक्षाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिचा उपयोग होतो. पण ती हेल्पलाइन आहे, तिला आदेश काढता येत नाही. आणि तिथे तक्रार पडून आहे म्हणून ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायची दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

ऑनलाइन खरेदीला २०२० चे ई-कॉमर्स नियम वेगळे आहेत : तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं. माल सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही.

(दृश्य : लॅपटॉप, स्कॅनर, कागदांची चळत. पानांवर क्रमांक टाकणारा हात.)

पत्राला उत्तर आलं नाही की जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर इथेच. ५ लाखांपर्यंत फी शून्य. फी ठरते ती वस्तूसाठी मोजलेल्या पैशांवर, मागितलेल्या नुकसानभरपाईवर नाही. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं.

१ जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे, त्याआधी ई-दाखिल होतं. अपलोड करायचं ते असं : तक्रार अर्ज, त्यासोबत शपथपत्र, कागदांची यादी आणि ते कागद क्रमवार. बिल, वॉरंटी कार्ड, फोटो, जॉबशीट, पत्र, पोस्टाची पावती. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ जोडले असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडून टाका, आक्षेपाला जागा राहत नाही. दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं तो समोर नसतो.

मागणीचा परिच्छेद मोकळा सोडू नका. किंमत परत, खरेदीच्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहा. जे मागितलं नाही ते मिळेलच असं धरू नका. आणि ‘पैसे मिळताच वस्तू परत करायला तयार आहे’ हे वाक्य हवंच. म्हणजे मिक्सर भंगारात द्यायचा नाही, खोक्यासकट ठेवायचा. ज्यांनी वस्तू व्यापारासाठी, पुन्हा विकायला घेतली, त्यांच्यासाठी हा रस्ता नाही. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्याला मात्र आहे.

(दृश्य : आयोगाच्या व्हरांड्यातला फलक, त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. बाकावर बसलेली माणसं.)

तक्रार दाखल करून घेतली की सामनेवाल्यांना नोटीस निघते. लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे ४५ दिवस उलटले का, यावर लक्ष ठेवा, आणि उलटले असतील तर ‘जबाबाशिवाय चालवा’ असा अर्ज द्या. दोष नुसत्या डोळ्यांनी कळण्यासारखा नसेल तर नमुना सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातो. अहवालाला ४५ दिवस, आणि फी आधी तक्रारदाराने भरायची. कायद्यात निकालाला ३ महिने, चाचणी असेल तर ५ महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात तारखा पडतात. दर तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, वाचत राहा.

आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील होऊ शकतं, त्यासाठी सामनेवाल्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, दाखल करायची. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही.

(दृश्य : मिक्सरचं खोकं काउंटरवर. कागदावर सही.)

पैसे खात्यात दिसल्यावरच खोकं द्या आणि अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या. दरखास्त चालू असेल तर रक्कम मिळाल्याची पुरसीस (लेखी निवेदन) त्याच आठवड्यात आयोगात द्यायची. ती दिली नाही तर प्रकरण आयोगाच्या फलकावरच्या यादीत तसंच येत राहतं.