ठेंगणे मूल आणि रोजचे इंजेक्शन
मुलाच्या डाव्या हाताच्या क्ष-किरण प्रतिमेत हाडांच्या टोकांशी ज्या काळसर फटी दिसतात, तिथे वाढीची कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला मऊ भाग, असते. उंची वाढते ती लांब हाडांमधल्या अशाच कूर्चेमुळे, आणि वयात येण्याचा काळ संपता संपता तिचे हाड झाले की कोणतेही औषध उंची वाढवू शकत नाही. ठेंगण्या मुलाच्या आईवडिलांना घाई होते ती यामुळेच, आणि ती समजण्यासारखी आहे. मात्र याच प्रतिमेवरून डॉक्टर हाडांचे वय, म्हणजे ती किती पक्व झाली आहेत, हेही ठरवतात. ते खऱ्या वयापेक्षा बरेच मागे असेल, बाकीच्या तपासण्या ठीक असतील आणि आईवडिलांपैकी कोणी उशिरा वयात आले असेल, तर ते मूल बहुधा उशिरा, पण आपणहून वाढणार असते.

एकदा मोजलेल्या उंचीपेक्षा वाढीचा वेग अधिक सांगून जातो. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. हा वेग ४ सेंटिमीटरच्या खाली गेला, तर कारण शोधलेच पाहिजे. थायरॉइडची कमतरता, ग्लुटेनमुळे होणारा सीलिअ‍ॅक आजार, मूत्रपिंडाचा जुना विकार, मुलींमधला टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांचा दोष किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन (वाढीचे संप्रेरक) कमी स्रवणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा मुलाच्या मूळ आजारावर उपचार झालेच पाहिजेत आणि ते वेळेवर झाले पाहिजेत, याबद्दल दुमत नाही.

खरा वाद आहे तो पूर्ण निरोगी, पण ठेंगण्या मुलांना ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने द्यावीत का, याबद्दल. १९५८च्या सुमारास ग्रोथ हॉर्मोनचा वापर सुरू झाला, तेव्हा ते मृत व्यक्तींच्या पिट्युटरी ग्रंथींमधून काढावे लागे आणि फार थोड्यांना मिळे. त्यातूनच काही जणांना क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे १९८५मध्ये उघड झाले आणि त्याचा वापर थांबला. त्याच वर्षी अमेरिकेत जीवाणूंकडून तयार करवून घेतलेल्या हॉर्मोनला मान्यता मिळाली. तुटवडा संपला आणि औषध मुबलक झाले, तसा ते कोणाला द्यायचे याचा परीघही रुंदावत गेला. २००३मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कोणताही आजार न सापडलेल्या, पण सर्वांत ठेंगण्या अशा सुमारे १.२ टक्के मुलांसाठी त्याला परवानगी दिली.

या मुलांना त्यातून काय मिळते? अनेक वर्षे रोज त्वचेखाली इंजेक्शन घेतल्यावर अंतिम उंचीत सरासरी ४ ते ७ सेंटिमीटरची भर पडते. काहींना याहून अधिक लाभ होतो, तर काहींना जवळजवळ काहीच नाही. गंभीर दुष्परिणाम क्वचित होतात, पण कवटीतील दाब वाढणे आणि खुब्याच्या हाडाचे टोक सरकणे यांवर लक्ष ठेवावे लागते. उंची वाढल्याने मूल अधिक आनंदी होते, हे मात्र ठामपणे सिद्ध झालेले नाही. इंग्लंडमधील वेसेक्स भागात ठेंगण्या, पण निरोगी मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला, तेव्हा त्यांचा आत्मसन्मान इतर मुलांपेक्षा फारसा वेगळा आढळला नाही. शाळेत त्रास दिला जात असल्याचे मात्र त्यांनी अधिक प्रमाणात सांगितले. हा त्रास खरा आहे आणि तो थांबवणे हे शाळेचे आणि मोठ्यांचे काम आहे. त्यासाठी त्रास सोसणाऱ्या मुलालाच रोज सुई टोचणे मला न्याय्य वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही देशांत उंच मुलींची वाढ रोखण्यासाठी त्यांना इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचे मोठे डोस दिले जात, कारण उंच मुलीचे लग्न जमणार नाही, अशी भीती होती. त्यांतल्या अनेकींना पुढे गर्भधारणेत अडचणी आल्याचे ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दिसले. निरोगी शरीर बदलायला निघताना हा इतिहास आठवायला हवा.

बालकांच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांनी २०१६मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही निरोगी, पण ठेंगण्या अशा प्रत्येक मुलाला सरसकट ग्रोथ हॉर्मोन देऊ नये, असेच म्हटले आहे. तरीही एखादे मूल उंचीमुळे खरोखर खचले असेल आणि कुटुंबाने उपचाराचा विचार केला, तर मुलाला आईवडिलांसमोर आणि एकट्यालाही विचारले पाहिजे, कारण सुई त्यालाच घ्यायची असते. वर्षभरानंतर वाढीचा वेग पुन्हा मोजला जाईल आणि तो पुरेसा वाढला नसेल तर इंजेक्शने बंद करावी लागतील, हेही पहिल्याच भेटीत त्याच्या समोर, त्याला समजेल अशा भाषेत सांगायला हवे.