किल्ली काढली तरी इंजिन चालू : जुन्या डिझेल गाडीतली व्हॅक्यूमची गळती

(दृश्य : मालवणजवळच्या वाडीतलं खळं. माडांच्या सावलीत १२३ मालिकेची जुनी मर्सिडीज २४० डी. बॉनेट उघडं, इंजिन सुरू.)

मालकानं किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली. इंजिन मात्र चालूच आहे. शेजारी विचारतात, "बॅटरीची वायर काढलंस तर?" काढून बघितली तरी फरक पडणार नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं, म्हणून इंजिन थांबवायचं तर डिझेलच तोडावं लागतं. या गाडीत ते काम वीज करत नाही, व्हॅक्यूम करतं, म्हणजे हवा ओढून काढल्यानं नळीत तयार झालेली पोकळी.

१९७६ ते १९८५ या काळात बनलेल्या या मालिकेच्या डिझेल गाड्यांमध्ये किल्लीच्या मागं एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. किल्ली बंदवर आली की तो उघडतो आणि बारीक नळीतून व्हॅक्यूम इंजेक्शन पंपावरच्या, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावरच्या, डबीपर्यंत पोचतं. डबीतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ओढला जातो आणि डिझेल बंद होतं. व्हॅक्यूम पोचलं नाही तर इंजिन थांबत नाही. मग मालक बॉनेट उघडून स्टॉप लिव्हर दाबत बसतो. अनेकांनी वर्षानुवर्षं तसंच चालवलेलं आहे. लिव्हर दाबून गाडी थांबते हे खरं, पण गळती आत वाढतच राहते.

(दृश्य : इंजिनाच्या पुढच्या बाजूचा व्हॅक्यूम पंप, त्यातून निघालेली जाड नळी.)

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ती मिटली की मागं आपोआप व्हॅक्यूम तयार होतं. डिझेलमध्ये सहसा तशी झडप नसते, हवा मोकळी आत जाते, म्हणून वेगळा पंप लागतो. या मर्सिडीजमध्ये तो इंजिनाच्या पुढं बसवलेला आहे. १९९४ साली आलेल्या टाटा सुमोमध्ये तो आल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो आणि इंजिनाच्या ऑइलवर चालतो. सुमोवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आल्टरनेटरचा पट्टा तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, पण त्याच क्षणी व्हॅक्यूम पंपही थांबलेला असतो. घाटात तो दिवा दिसला तर बॅटरीची काळजी नंतर करा, आधी गाडी सुरक्षित जागी उभी करा.

कारण या व्हॅक्यूमचं सगळ्यांत मोठं काम ब्रेकचं आहे. पेडलच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यातला, म्हणजे बूस्टरमधला, पडदा पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर होतं. एका बाजूला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. व्हॅक्यूम मोजायच्या गेजवर २० इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम असेल तर त्या पडद्यावर साधारण ३४० किलोंचा जोर येतो. तुमच्या पायाला मिळणारी मदत ती हीच. व्हॅक्यूम गेलं तरी ब्रेक लागतो, पण सगळा जोर पायानं लावावा लागतो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची सवय म्हणूनच घातक आहे. पंप थांबतो, बूस्टरमध्ये उरलेली शिल्लक एक-दोन दाबांत संपते, आणि पुढचं वळण आलेलं असतं.

(दृश्य : मेकॅनिक आपल्या हाताखालच्या पोराला गेज देतात.)

"पयलो गेज लाव, मगे पानो घे."

या वाक्यात सगळी पद्धत आली. बिघाड दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे. पोफळीच्या बागेत पाट वर कुठंतरी फुटतो आणि सुकतं ते शेवटचं आळं, तसंच इथं होतं. एका पंपावर ब्रेक, इंजिन बंद करणारी डबी, दारांची सेंट्रल लॉक आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलण्याचा नरमपणा, इतकं सगळं अवलंबून आहे. मागच्या दाराच्या लॉकमधलं रबर फाटलं तरी इंजिन बंद होईनासं होऊ शकतं. म्हणून इंजिन थांबत नाही म्हटल्यावर लगेच ती डबी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पानाही न लावता निम्मा शोध लागतो. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालंय आणि इंजिनही बंद होत नाही, तर संशय पंपावर किंवा पंपातून बूस्टरकडे जाणाऱ्या जाड नळीवर. ब्रेक मऊ आणि चांगला आहे, पण इंजिन थांबत नाही किंवा लॉक चालत नाही, तर बारीक नळ्यांकडे वळा. जाड नळीला जिथं बारीक नळ्या जोडलेल्या असतात तिथं मुद्दाम अगदी लहान छिद्र ठेवलेलं असतं. त्यामुळे बारीक नळीत गळती झाली तरी ब्रेकचं व्हॅक्यूम एकदम ओढलं जात नाही. ज्यानं हे आखलं त्यानं माणसाच्या जिवाचा विचार केला होता.

मग गेज. जाड नळी सोडवून ते थेट पंपाला लावायचं. समुद्रसपाटीला, गाडी आयडलिंगवर असताना काटा थोड्याच वेळात २० इंचांच्या वर गेला पाहिजे. हे इंच पाऱ्याचे. हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३० इंच पारा उचलून धरतो, हे इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीनं १६४३ च्या सुमारास दाखवलं, तेव्हापासून हेच माप चाललं आहे. काटा तेवढा चढला नाही तर पंपाचा डायफ्रॅम किंवा आतले व्हॉल्व्ह गेले. पंपातून टकटक येत असेल तर गाडी चालवूच नका. मर्सिडीजच्या काही डिझेल इंजिनांत या पंपाचं बेअरिंग फुटून तुकडे टायमिंग चेनमध्ये गेले आहेत, आणि मग पंप नाही, इंजिनच जातं.

(दृश्य : पाय ब्रेकच्या पेडलवर.)

बूस्टरची परीक्षा कुणालाही करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर मदत पोचते आहे. पेडल दाबून धरल्यावर फुसफुस आवाज येत राहिला तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. आणि एक फसवी खूण : ब्रेक ऑइल कमी होत जातं, पण खाली एक थेंब दिसत नाही. अशा वेळी मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणाऱ्या नळकांड्याचं, मागचं सील गळून ऑइल थेट बूस्टरमध्ये ओढलं जात असतं आणि तिथलं रबर खात असतं. नवा बूस्टर बसवण्याआधी ते सील बघितलं नाही, तर नवाही जाईल.

जाड नळीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकून बघायचा. हवा बूस्टरकडून पंपाकडे गेली पाहिजे, उलटी नाही.

आता बारीक नळ्या, आणि वेळ जातो तो इथंच. पंक्चर शोधतात तसं साबणाचं पाणी लावून उपयोग नाही. इथं हवा बाहेर येत नाही, आत जाते. बुडबुडा येणार नाही, उलट साबण आत ओढला जाईल. कॉम्प्रेसरची हवा मारणं तर त्याहून वाईट, त्या दाबानं चांगले पडदेही फाटतात. सगळ्या बारीक नळ्या जोडापाशी बंद करायच्या. रबरी नळीचा तुकडा, त्यात घट्ट बसवलेला स्क्रू, एवढं बूच पुरतं. मग एकेक नळी मोकळी करायची आणि गेज बघायचं. ज्या नळीनं काटा पडला, गळती तिच्या वाटेवर. लॉककडे जाणारी नळी बंद केल्यावर इंजिन किल्लीनं थांबू लागलं, तर डबी निर्दोष ठरली, दारं तपासायची. पुढं हातानं ओढायचा व्हॅक्यूम पंप घेऊन त्या वाटेवरची प्रत्येक वस्तू वेगळी तपासायची. १५ इंच ओढायचं, हात थांबवायचा आणि काट्याकडे बघत राहायचं. काटा स्थिर राहिला तर वस्तू चांगली.

(दृश्य : सोडवलेली तपकिरी नळी. टोकाशी काळं ऑइल.)

नळीच्या टोकाला ऑइल दिसलं तर मात्र डबीवरच बोट ठेवा. तिचा पडदा फाटला की इंजेक्शन पंपातलं ऑइल व्हॅक्यूमच्या नळीत चढतं, आणि तिथून पुढं रबराचे जोड फुगवत, मऊ करत जातं. अशा वेळी नवी डबी बसवून भागत नाही. नळ्या धुवून कोरड्या करायच्या आणि फुगलेले जोड फेकून द्यायचे.

कोकणात या सगळ्याला दोन शत्रू जास्तीचे आहेत. एक खारी, दमट हवा. तिनं क्लिपा आणि बूस्टरचा पत्रा गंजतो. दुसरा उंदीर. मुंबईकर मालक गणपतीला आणि मे महिन्यात येतो, बाकी वर्षभर गाडी मांगरात उभी. बॉनेटखाली कोरडी, अंधारी जागा मिळाली की उंदीर तिथं घर करतात. कडक नायलॉनच्या नळीपेक्षा रबरी जोड त्यांना सोपे जातात. त्यामुळे गावात उभ्या राहिलेल्या गाडीत आधी कोपऱ्यातले रबरी जोड बोटांनी चाचपावेत. वरून अख्खा दिसणारा जोड खालच्या बाजूनं कुरतडलेला असतो. हे जोड स्वस्त आहेत. सगळे एकदमच बदलावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : किल्ली फिरते, इंजिन थांबतं. मग आंबोली घाटाचा रस्ता.)

दुरुस्ती झाली की गाडी घाटात नेऊन बघण्याचा मोह होतो. जरूर न्या, पण गेज सोबत नेणार असाल तर एक लक्षात असू द्या. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. तिथं हवेचाच दाब कमी, म्हणून मालवणात जो काटा २४ दाखवतो तो वर २२ च्या आसपास येईल. त्या दोन इंचांसाठी नळ्या पुन्हा सोडवू नका.